चाळीस रुपयांचे पाणी

दिवाळी सरली की आमच्या राहात्याच्या शिवारात पाहुणे येतात. अंगणातले मुलांचे मातीचे किल्ले अजून मोडलेले नसतात, फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नसतात, तोच नगर-मनमाड रस्त्याने ट्रक आणि ट्रॅक्टर येऊ लागतात. त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी, म्हाताऱ्या आणि पोरे एकत्र भरलेली असतात. बीड, पाथर्डी या बाजूंनी आलेली ही ऊसतोडीची माणसे. कारखान्याच्या भाषेत त्यांना माणसे म्हणत नाहीत, कोयते म्हणतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. चार-पाच महिने कोपीत राहायचे आणि पट्टा पडला की आल्या वाटेने परत जायचे.

या कोयत्यांच्या पोरांना शिकवण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत. आमच्या गल्लीतली जुनी माणसे त्याला अजून मॅट्रिकच म्हणतात आणि मलाही तो शब्द बरा वाटतो. दोन-चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्या वाचलेले गृहस्थ तालुक्यात बोटांवर मोजण्याइतके असतील, पण मास्तर म्हणून मला कोप्यांच्या तळावर सगळे ओळखतात. शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक फळा, एक माठ आणि माठावर एक ओगराळे. या माठाची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

काही वर्षांपूर्वीच्या १० डिसेंबरची हकीकत. तो मानवी हक्कांचा दिवस. १९४८ साली याच तारखेला पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. अठ्ठेचाळीस राष्ट्रांनी बाजूने मत दिले, आठ तटस्थ राहिली, विरुद्ध एकही गेले नाही. मुलांना हे समजावून सांगावे म्हणून मी मोठ्या उत्साहाने उभा राहिलो. जाहीरनाम्याची तीस कलमे सोप्या मराठीत उतरवून नेली होती. पाचव्या कलमापर्यंत आलो तेव्हा पुढच्या रांगेतली दोन पोरे पेंगत होती. दहाव्यापर्यंत आलो तेव्हा एक लहानगी फळ्यामागच्या मांजरीशी बोलत होती. पहाटे चारला आईबापांबरोबर फडात जाऊन वाढे गोळा करणारी ही पोरे; त्यांना मी 'प्रत्येकास विश्रांतीचा हक्क आहे' असे सांगत होतो! माझेच मला हसू आले आणि मी कागद मिटला.

तेवढ्यात पाथर्डीकडचा एक पोरगा उठला. वय बारा-तेरा. एरवी तो फारसा बोलत नसे. तो म्हणाला, "गुर्जी, हक्क असल तर मागायचा कशाला? आन् मागावा लागतो तर त्यो हक्क कशाचा?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो." मास्तराला उत्तर सुचले नाही म्हणजे तो हेच म्हणतो, हे पोरांनाही ठाऊक असते.

रात्री झोप आली नाही. प्रश्न दिसायला पोरकट होता, पण त्याच्यापुढे भलेभले अडले आहेत. पहाटे मी ठरवले की कलमे बाजूला ठेवायची आणि गोष्ट सांगायची. आणि गोष्टही दूर पॅरिसची नको, आपल्याच मुलखातली, पाण्याची. पाणी म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटापासून सुरुवात केली. गोदावरीचा उजवा कालवा आमच्या शिवारांतून जातो. त्याच्या पाण्यावर पेरूच्या बागा वाढल्या, ऊस वाढला. कालव्याचे आवर्तन सुटायचे असले की शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो, त्याची पाळी ठरते, आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी देतो. आता समजा, शेजाऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी दोन घटका तुमच्या वाफ्यात सोडले. ती मेहेरबानी. उद्या त्याचे मन फिरले तर तो बंद करील आणि तुम्हांला तक्रार करता येणार नाही. पण पाळीचे पाणी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. मध्येच कोणी बारे फोडले तर तुम्ही त्याला जाब विचारू शकता, वरच्या साहेबाकडे जाऊ शकता. पाळी तुमची असूनही रात्री कंदील घेऊन तुम्हांला बांधावर उभे राहावे लागते, हे मात्र खरे. पण तुम्ही तिथे उभे राहता ते भीक मागायला नव्हे, आपले आहे ते राखायला.

"म्हंजे हक्क म्हंजे पाळी," पोरगा म्हणाला.

"पाळीसारखा," मी म्हणालो. "फरक एकच. पाटाच्या पाण्याला जमीन लागते, अर्ज लागतो. माणसाच्या हक्काला माणूस असणे एवढेच लागते. आणि एवढीशी गोष्ट मान्य करून घ्यायला किती वर्षे गेली, ते आता ऐक."

गोष्ट पुण्यापासून सुरू होते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. याच जोतीरावांनी अहमदनगरच्या मिस फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहिली होती आणि १८४८ साली पुण्यात शाळा काढली होती. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचे धडे याच फॅरार बाईंकडे घेतले. तेव्हा या कथेचा एक धागा आमच्या जिल्ह्यातूनच निघालेला आहे. परंतु जोतीरावांचा हौद त्यांच्या मालकीचा होता. त्यांनी तो मनाच्या मोठेपणाने उघडला. जो हौद, जे तळे कोणा एकाच्या मालकीचे नाही, सगळ्यांच्या पैशाने राखलेले आहे, त्याचे काय, हा प्रश्न उरलाच होता.

तो प्रश्न १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत. कुलाबा जिल्ह्यातल्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याला धरून ठराव केला आणि आपले चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर काम संपले! गावातले मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्यावर जात, गुरेढोरे तिथे पाणी पीत. आता अस्पृश्यांनाही मनाई नव्हती. परंतु ठराव झाला त्या दिवशीही कोणी अस्पृश्य तळ्यावर गेला नाही, आणि पुढची तीन वर्षेही गेला नाही. कारण ठराव नगरपालिकेच्या दप्तरात होता, आणि काठावर गाव उभे होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉक्टर भीमराव आंबेडकर. परिषद महाडात भरावी म्हणून खटपट करणाऱ्यांत त्याच भागातले रामचंद्र बाबाजी मोरे हे तरुण कार्यकर्ते पुढे होते. यांची एक आठवण मी मुलांना मुद्दाम सांगतो. लहानपणी मोऱ्यांनी शिष्यवृत्ती मिळवली, तरी महाडच्या शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. पोराने काय करावे? त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून ही गोष्ट उघड्यावर आणली, आणि शाळेला दार उघडावे लागले. एका मुलाने, एका पत्राने हे केले. हातात लेखणी आली म्हणजे काय होते हे यापेक्षा सोप्या रीतीने कसे सांगावे?

परिषदेला हजारो माणसे आली. कोकणातली, घाटावरची, पायी आलेली. मार्चचे ऊन. आणि या हजारो माणसांना प्यायला पाणी नव्हते. तळे गावातच भरलेले, कायद्याने त्यांच्यासाठी खुले. पण परिषदेच्या चालकांना स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, तेव्हा कुठे लोकांचे घसे ओले झाले.

हे चाळीस रुपये मला या साऱ्या इतिहासात फार मोलाचे वाटतात. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. कायदेमंडळाचा ठराव आहे, नगरपालिकेचा ठराव आहे, आणि तरी पाणी विकत घ्यावे लागत आहे. हक्क नुसता असणे आणि हक्क हाती असणे यांत किती अंतर आहे, हे मोजायचे माप म्हणजे ते चाळीस रुपये. माझ्या शाळेतल्या पोराने जे विचारले होते, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे दुसऱ्या दिवशी मिळाले. २० मार्च रोजी परिषद संपताना सगळे उठले, शिस्तीने रांग करून गावातून तळ्यापर्यंत गेले. आंबेडकर पायऱ्या उतरले. ओंजळीत पाणी घेतले आणि प्याले. मग बाकीचे प्याले. पाणी तेच होते. इतके दिवस ते गुरांनी प्यायलेले होते.

पुढे काय झाले ते ठाऊक असलेल्यांना ठाऊक आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. जमाव लाठ्या घेऊन निघाला. परिषदेचे लोक गावी परतण्याच्या तयारीत होते, काही जेवत होते. त्यांना गाठून मारहाण झाली. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. आंबेडकरांच्या शब्दासरशी उलट हात उचलणारी माणसे हजारोंनी होती. परंतु त्यांनी तो शब्द दिला नाही, लोकांना आवरले. नंतर तळ्याची शुद्धी झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतल्या गेल्या. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती.

मुले इथे हमखास विचारतात, "मग गुर्जी, सगळे बामन-मराठे वाईट होते का?" मी त्यांना नावे सांगतो. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि परिषदेसाठी झटणारे अनंत विनायक चित्रे हे कायस्थ. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण. ही माणसे आंबेडकरांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. डिसेंबरात पुन्हा परिषद घ्यायचे ठरले तेव्हा मंडपासाठी महाडात कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हक्क ज्याचा असतो त्याने तो मागायचा असतो. पण शेजाऱ्याने त्या वेळी कुठे उभे राहायचे, हेही त्याच वेळी ठरते.

२५ डिसेंबर १९२७. दुसरी परिषद. त्या दिवशीच्या भाषणात आंबेडकरांनी आपल्या सभेची तुलना केली ती १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी. व्हर्सायला जमलेल्या त्या सभेने माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला होता. महाडच्या धुळीत बसलेल्या, बहुतेक निरक्षर लोकांपुढे हा माणूस व्हर्सायची गोष्ट सांगत होता, आणि ती त्यांना कळत होती! आमचा झगडा नुसत्या पाण्याचा नाही, समतेचा आहे, असा त्याचा भाव होता. त्याच रात्री सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावाप्रमाणे मनुस्मृती जाळण्यात आली.

तळ्यावर मात्र जाता आले नाही. काही स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला होता की हे तळे आमच्या खाजगी वहिवाटीचे आहे, आणि कोर्टाने तात्पुरती मनाई दिली होती. हजारो लोक तुरुंगात जायला तयार होऊन आले होते. जिल्ह्याचे कलेक्टर परिषदेत येऊन, मनाई मोडू नका, असे सांगून गेले. आंबेडकरांनी सत्याग्रह थांबवला. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले, पण पाण्याला कोणी शिवले नाही. आपल्या बाजूला न्याय आहे असे ज्याला वाटते, त्याला कोर्टाची वाट पाहणे किती जड जाते, हे आमच्या तालुक्यातल्या बांधाच्या दाव्यांत झिजलेल्या कोणालाही विचारावे.

वाट पाहावी लागली ती नऊ वर्षे आणि तीन महिने. महाडच्या कोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने झाला, ठाण्याच्या अपिलात तोच टिकला, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने स्पृश्यांचे अपील फेटाळले. आनंदाची गोष्ट. पण निकालाचे कारण पाहण्यासारखे आहे. माणूस म्हणून यांना पाण्याचा अधिकार आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. ते म्हणाले की, अस्पृश्यांना बंदी करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. म्हणजे रूढी सिद्ध झाली असती तर? तो कायदा तेव्हा तसाच होता. एका बाजूला रूढी होती, दुसऱ्या बाजूला तिचा पुरावा अपुरा होता. माणूसपण हा मुद्दाच तराजूत नव्हता.

तो तराजूत आला १९४८ साली. त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला दिल्लीच्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. तेच आजच्या संविधानाचे सतरावे कलम. बरोबर अकरा दिवसांनी पॅरिसला जगाचा जाहीरनामा झाला. मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर होते. आणि पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते असे शब्द स्पष्ट लिहिले गेले. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात तळ्याचा उल्लेख कशाला, असे एखाद्या परदेशी माणसाला वाटेल. महाड ज्याला ठाऊक आहे त्याला वाटणार नाही.

पॅरिसच्या जाहीरनाम्यातही आपल्याकडचा एक हात आहे. मुंबईच्या कायदेमंडळात काम केलेल्या हंसाबेन मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या. पहिल्या कलमाच्या मसुद्यात इंग्रजीतला जो शब्द होता, त्याचा अर्थ माणसे असाही होई आणि पुरुष असाही होई. हंसाबेनांनी आग्रह धरला की हा शब्द नको, स्त्रियाही ज्यात निःसंशय येतील असा शब्द घाला. आणि तो बदल झाला. हे ऐकून शाळेतल्या मुली हसल्या, कारण आमच्या बोलीतही तीच गंमत आहे. 'फडात किती माणसं आन् किती बाया?' असे मुकादम रोज विचारतो. बाया माणसांत धरलेल्या नसतात. आमच्याच जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता येऊ लागले ते २०१६ च्या एप्रिलमध्ये, उच्च न्यायालयाने सरकारला त्याच्या कर्तव्याची आठवण करून दिल्यानंतर. म्हणजे शब्द १९४८ साली बदलला, पण चौथऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला अडुसष्ट वर्षे लागली.

आता थोडे घराजवळ येतो. राहात्याहून फार दूर नाही, श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याचे गाव. तिथे १६ डिसेंबर १९३९ रोजी आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदारांची परिषद झाली. विषय वतनाचा. ऐकायला वतन हा शब्द भारदस्त; प्रत्यक्षात ते गळ्यातले जोखड. जमिनीचा एक तुकडा आणि गावकीच्या चार भाकऱ्या, आणि त्यांच्या बदल्यात अख्ख्या घराण्याने रात्री-अपरात्री सरकारची आणि गावाची हाक येईल तेव्हा धावायचे. हे जोखड काढण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ च्या मार्चमध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने रद्द झाली ती १९५९ साली. तोवर आंबेडकर जाऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती. हक्काचे झाड लावणाराला फळ मिळतेच असे नाही.

आणि त्याच हरेगावात, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटे टांगून मारले. संविधान होऊन सत्तर वर्षे उलटली होती, अत्याचार प्रतिबंधक कायदा होऊन चौतीस. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, धरपकड झाली. १९२७ साली आणि आता यांत एवढा फरक नक्कीच आहे आणि तो लहान नाही. पण आमच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावरचे ते गाव आहे, आणि हे लिहिताना माझी मान वर होत नाही.

असो. आता माझी कबुली.

पोराने तो प्रश्न विचारला, त्याच्या चारच दिवस आधीची गोष्ट. एका कोपीतली बाई माझ्याकडे आली होती. म्हणाली, "गुर्जी, आमची लेकरं त्या मडक्यातलं पाणी पिनार न्हाईत. त्यात कोन कोन वगराळं बुडवतं." कोण कोण म्हणजे कोण, ते तिनेही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिच्या मागे आणखी दोन-तीन घरे होती. पट अगोदरच अपुरा. सातआठ पोरे गळाली तर शाळा बंद पडायची भीती. मी स्वतःशी म्हणालो, शाळा टिकली पाहिजे, पाण्याचे मागाहून पाहू. आणि बाजारातून दुसरा माठ आणला. कोणी कशातले प्यावे, हे मी तोंडाने सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही. पोरांना बरोबर कळले.

महाडची गोष्ट सांगताना मी एकशे आठ घागरींपर्यंत आलो, तेव्हा तोच पोरगा पुन्हा उठला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, कोपऱ्याकडे पाहिले. म्हणाला, "मंग गुर्जी, आपलं दुसरं मडकं कशापायी?"

आदल्या दिवशीच्या प्रश्नाचा रोख मला तेव्हा कळला. महाडच्या नगरपालिकेने गावात शांतता राहावी म्हणून ठराव मागे घेतला, हे मी मोठ्या तिरस्काराने सांगत होतो. आणि माझ्या पत्र्याच्या शेडीत चार दिवस मीच ती नगरपालिका झालो होतो. ठराव नव्हता, लाठ्या नव्हत्या. बाजारातून आणलेला एक माठ होता, एवढेच.

मी उठलो, दुसऱ्या माठातले पाणी दारच्या कडुनिंबाला ओतले आणि माठ पालथा घातला. मग पहिल्या माठातले ओगराळे भरून घेतले आणि त्या पोराला म्हणालो, "चूक माझी झाली. तू म्हणालास, मागायचा कशाला. तर यासाठी. मी विसरलो होतो, तू आठवण दिलीस. हक्क तुझाच होता, पण तू उठला नसतास तर तो माठ तिथेच राहिला असता."

दुसऱ्या दिवशी सात पोरे आली नाहीत. संध्याकाळी फडावरून गाड्या परतल्यावर मी कोपी-कोपीला गेलो. चुलींचा धूर, दमलेली माणसे. त्यांना मी महाडची गोष्ट सांगितली नाही. तेवढे ऐकायचे त्राण कोणात होते? मी एवढेच म्हणालो, "बाई, तुम्ही आणि ती दोघीही एकाच मुकादमाची उचल फेडताय, एकाच टँकरचं पाणी भरताय. पोरांना तरी एका माठातलं पिऊ द्या." सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, २०१० च्या एप्रिलपासून तसा कायदा आहे, हेही सांगितले. एक बाप म्हणाला, "कायदा हाय, खरंय. पर वाढं कोन गोळा करील?" त्याला मी काय उत्तर देणार होतो? त्याच्या कोपीपुरते तेच चाळीस रुपयांचे पाणी होते.

आठवडाभरात पाच पोरे परतली. पहिल्या दिवशी ती पाण्याशिवाय बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापले, तेव्हा एकीने उठून ओगराळे बुडवले, आणि मग बाकीची उठली. दोन पोरे मात्र शेवटपर्यंत आली नाहीत. ती गमावली याची खंत मला आहे, आणि तरी माठ पुन्हा दोन केले असते असे मला वाटत नाही.

पट्टा पडला, कोप्या मोडल्या. जाताना तो पोरगा शाळेकडे आला. मी त्याला एक वही दिली आणि म्हणालो, "मोऱ्यांनी पत्र लिहिलं होतं, ध्यानात आहे ना?" त्याने मान हलवली. ट्रॅक्टर सुरू झाला होता, त्याची आई हाका मारत होती. तो माठाकडे गेला, ओगराळे भरून उभ्याउभ्याच पाणी प्याला, ते पुन्हा होते तसे माठावर ठेवले आणि पळत सुटला.

यंदाही दिवाळी आली आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर गाड्या येऊ लागतील. मी शेड झाडून ठेवली आहे. माठ घासून, भरून ठेवला आहे. एकच आहे.